टॉवरच्या खुर्चीत

वाशीतल्या एका ऑफिस इमारतीच्या सहाव्या मजल्यावर मला नोकरी लागली, तेव्हा मी आयुष्यात एकदाही विमानात बसले नव्हते. काम मात्र विमानं उतरवायचं होतं.

नवीन पायलट तयार करणारी ती एक खाजगी संस्था होती. आतल्या मोठ्या खोलीत विमानाच्या पुढच्या भागासारखी मांडणी केलेली होती. दोन खुर्च्या, खरीखुरी बटणं, दांडे, पायाखाली पेडल. काचा मात्र नव्हत्या. शिकणारी मुलं डोळ्यांवर हेडसेट चढवायची आणि तो चढवला की त्यांना सगळं विमान दिसायचं. खाली धावपट्टी, बाजूला पंख, समोर ढग. मान वळवली की आभाळही वळायचं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र एसीच्या गारठ्यात एक पोरगा हवेत बघत घाम गाळतोय एवढंच दिसे.

त्यांच्या मागे टेबलाशी आणखी दोन खुर्च्या होत्या. एक शिकवणाऱ्या कॅप्टनची, दुसरी माझी. मी कंट्रोल टॉवर. यंत्रात तयार आवाज होते, पण ते ठरलेलंच बोलायचे. घाबरलेलं पोर काहीतरी भलतंच विचारायला लागलं की उत्तर द्यायला माणूस लागायचा. म्हणून महापेच्या कॉल सेंटरमधून मला उचललं. कधी मी टॉवर असायचे, कधी केबिनमधली बाई, जी घाबऱ्या आवाजात सांगते की मागच्या बाजूला धूर येतोय. मुलांपासून मी चार हातांवर बसलेली असायचे, पण हेडसेट घातल्यावर त्यांच्या लेखी मी कोसभर लांब काचेच्या मनोऱ्यात असायचे.

माझे वडील साताऱ्याकडचे, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. त्यांना मी काम समजावून सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"इमान न्हाई, आभाळ न्हाई, आन् तू उतरीवतीस व्हय?" ते म्हणाले.

"हो."

"आन् पगार खरा देत्यात न्हवं?"

मला हे काम शिकवलं सरांनी. सर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने कॅप्टन. उभी हयात विमान कंपन्यांची विमानं उडवून वयामुळे निवृत्त झालेले. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट कायम. सानपाड्याला राहायचे. मूलबाळ नव्हतं. मला ते पहिल्या आठवड्यापासून "टॉवर" म्हणत. "टॉवर, चहा सांगितलास का?" "टॉवर, आज कोपरखैरण्याची बस वेळेवर आली वाटतं." मला ते आवडायचं. कॉल सेंटरमध्ये माझं नावही माझं नव्हतं, तिथे मी कुणीतरी नॅन्सी होते.

शिकवताना सर कधी आवाज चढवत नसत. इंजिन बंद पडलं की नवीन मुलाचे हात दहा दिशांना धावतात. सर मागून म्हणायचे, "आधी हात मांडीवर ठेव. विमान उडतंय ना? मग घाई कुणाला आहे?" मुलगा हात मांडीवर ठेवायचा, श्वास घ्यायचा, आणि मग नेमकं बटण शोधायचा. बाकीचे कॅप्टन मुलांना चुकवण्यात मजा घ्यायचे. सर मुलांना चुकू द्यायचे, ते वेगळं होतं.

दोन-अडीच वर्षं अशी चांगली गेली. मग एका उन्हाळ्यात मला काहीतरी खटकायला लागलं.

सरांनी एका मुलाला उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद करून दिलं. त्याने ते नीट निभावलं. यंत्र पुन्हा धावपट्टीवर आणलं, आणि सरांनी परत तेच दिलं. तिसऱ्यांदाही तेच. मुलगा दमून गेला. बाहेर आल्यावर तो मित्राला सांगत होता, "सर जाम कडक आहेत, एकच गोष्ट घोटून घेतात." मीही तसंच समजले. पण तिसऱ्या वेळी माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले होते, "आता याला इंजिनचं देऊ या का एकदा?"

पुढे असं होत राहिलं. एका मुलाची चूक दुसऱ्याला समजावून सांगितली. खाली टपरीवर चहाला गेले आणि परत येताना चौथ्या मजल्यावरच्या सीएच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या मुलीने ओळखून वर आणून सोडलं. सर हसले, म्हणाले, "सगळे मजले सारखेच बांधलेत, मेल्यांनी." आम्हीही हसलो. वय झालं की होतं असं, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं आणि विषय मिटला. मीही तो मिटू दिला, कारण सर खुर्चीत बसले की परत पूर्वीसारखेच वाटायचे.

तेव्हा परभणीकडची एक मुलगी आमच्याकडे शिकत होती. वाशीतच चार मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. बारीक, अबोल, पण यंत्रात बसली की हात स्थिर. तिच्या एका महत्त्वाच्या परीक्षेला सर होते आणि टॉवर मी. सरांनी तिला मालाच्या कप्प्यात आग लागल्याची सूचना दिली. तिने हात मांडीवर ठेवले, मग आग विझवायचं बटण दाबलं, मग मला रेडिओवर कळवलं की आग आहे, परत फिरतेय. स्वच्छ, एका दमात. मी तिला धावपट्टी मोकळी करून दिली. ती उतरली.

डीब्रीफच्या खोलीत, म्हणजे उड्डाणानंतर चुका समजावून सांगतात तिथे, सर तिला म्हणाले, "तू टॉवरला कळवलंच नाहीस. आग लागलेलं विमान आणि तू कुणाला सांगत नाहीस? मी तुला पास करू शकत नाही."

ती म्हणाली, "सर, मी सांगितलं होतं."

"नाही सांगितलंस."

तिने दारातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर वायरी गुंडाळत होते. मग बॅग उचलून जिन्यात गेली. मी मागून गेले तेव्हा ती पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे पायरीवर बसली होती.

"मॅडम, तुम्ही तर ऐकलंत ना?" ती म्हणाली. "तुम्हीच उत्तर दिलंत."

"ऐकलं," मी म्हणाले. "थांब जरा."

सर अजून डीब्रीफच्या खोलीतच होते, चष्मा पुसत होते. मी दार लावून घेतलं.

"सर, तिने कळवलं होतं. मी उत्तर दिलं. तुमच्या शेजारीच बसले होते मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा कठोर झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

"तू टॉवर आहेस," ते म्हणाले. "विमानात काय चाललंय ते टॉवरने पायलटला सांगायचं नसतं."

"सर, हे पहिल्यांदा नाही झालेलं."

ते उठले आणि मला बाजूला सारून निघून गेले. चष्मा टेबलावरच राहिला. मी तो नेऊन रिसेप्शनवर दिला आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. मार्केटकडून कांद्याच्या सालींचा वास येत होता. दोन बसेस सोडल्या. आता माझी नोकरी जाणार असं वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे माझं बरोबर आहे असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर सर माझ्या खुर्चीत बसलेले. चहा समोर तसाच, साय धरलेली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. इंजिनचं, चौथ्या मजल्याचं, बाकीचंही. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "घरी मला वाटायचं, बायको उगीच बोलते. परवा मी दोनदा अंघोळ केली, असं ती म्हणाली. मी भांडलो तिच्याशी."

मग म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असते. तू माझी परीक्षा घे. तुला टेबलावरचं सगळं येतं. मला हवं तेव्हा हवं ते दे. दयामाया नको."

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन पँट्रीत गेले. सर डावीकडच्या खुर्चीत बसले, पट्टा लावला, हेडसेट चढवला. मी टेबलाशी त्यांच्या जागी बसले. मुंबईहून उड्डाण द्यायचं ठरवलं, कारण तेच चित्र सगळ्यात चांगलं बनवलेलं होतं. खाडी, झोपड्यांची निळी छपरं, इमारती, सगळं.

"टॉवर, तयार आहे," ते म्हणाले. ते आता रेडिओच्या इंग्रजीत बोलत होते, आणि त्या इंग्रजीत त्यांचा आवाज वीस वर्षांनी लहान वाटायचा. मी परवानगी दिली. विमान उठलं.

मी आधी इंजिन बंद केलं. त्यांचे हात क्षणभर मांडीवर गेले, मग एकेक करून कामाला लागले. मी धुकं आणलं. मग वाऱ्याचा झोत बाजूने दिला. त्यांनी काही म्हणजे काही चुकवलं नाही. त्या मुलांचे हात आणि हे हात यात इतकं अंतर होतं की मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय, मीच एका आजारी नसलेल्या माणसाला आजारी ठरवलं. मला बरं वाटायला लागलं. परत येऊन उतरायचं तेवढं राहिलं होतं, म्हणून मी टॉवरने विचारायचं असतं ते विचारलं, "आपला काय विचार आहे ते कळवा."

उत्तर आलं नाही.

मी परत विचारलं. सरांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. हेडसेटमधून त्यांना खाली काय दिसत होतं ते माझ्यासमोरच्या पडद्यावर मला दिसत होतं. ठाण्याची खाडी, पूल, पलीकडे वाशी. म्हणजे आम्ही होतो ती इमारतसुद्धा तिथे कुठेतरी असणार.

"टॉवर," ते मराठीत म्हणाले, "हे कुठलं गाव आहे?"

त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे एक बरं होतं.

"मुंबई, सर."

"हो का," ते म्हणाले. "मोठं झालंय."

"धावपट्टी समोर आहे. उतरायची परवानगी आहे."

त्यांनी विमान उतरवलं. इतकं अलगद की खुर्चीला लागणारा धक्कासुद्धा जाणवला नसेल. मग हेडसेट काढला. गालांवर आणि कपाळावर त्याचे लाल वळ उमटले होते. त्यांनी खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते भानावर आले हे मला दिसलं.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"उडवलंत छान," मी म्हणाले. "पण मधे तुम्ही मला विचारलंत, हे कुठलं गाव."

ते पट्ट्याच्या बकलाशी खेळत बसले. मग म्हणाले, "असं विचारलं मी?" मी हो म्हटलं. पँट्रीतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. सरांनी पट्टा सोडला, उठले, शर्ट नीट खोचला आणि सरळ मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

मॅनेजरने त्यांचं ऐकून घेतलं आणि मग मला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता, घाबरला होता. हे बाहेर गेलं तर सरांनी आजवर पास केलेल्या सगळ्या मुलांवर प्रश्न येईल, असं त्याचं म्हणणं. "तब्येतीमुळे सोडतायत एवढंच सांगायचं. त्या मुलीची परीक्षा दुसरे कॅप्टन घेतील. तिलाही काही बोलायचं नाही."

सर म्हणाले, "तिला मी सांगणार."

"सर, प्लीज."

"मी तिला खोटं ठरवलंय," सर म्हणाले.

त्यांनी तिला डीब्रीफच्या खोलीत बोलावलं. मलाही बसवलं. म्हणाले, "तू बरोबर होतीस. तू कळवलं होतंस. मी विसरलो. मला आजकाल आठवत नाही." ती "इट्स ओके, सर" म्हणाली आणि हातातला फोन उलटा-सुलटा करत राहिली. वीस-एकवीस वर्षांची होती.

नंतर जिन्यात तिने मला गाठलं. मला वाटलं, ती सरांबद्दल विचारेल. तिने विचारलं, "मॅडम, मागच्या महिन्यात त्यांनी मला सांगितलं होतं की माझे हात चांगले आहेत. तेव्हा त्यांना कळत होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "तेव्हा कळत होतं." खरं मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या कॅप्टनने घेतलेल्या परीक्षेत ती पास झाली आणि पुढे गेली. सर त्याच आठवड्यात सोडून गेले. केक नाही, भाषण नाही. कपाटातलं सामान एका पिशवीत मावलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गाडी घेऊन खाली आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, ठेंगण्या, केस आखूड कापलेले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तू बोललीस ते बरं केलंस. मी बोलून थकले होते."

त्यानंतर मी रविवारी अधूनमधून सानपाड्याला जायला लागले. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला होता, गोळ्या दिल्या होत्या आणि गोळ्यांनी बरं होत नाही हेही सांगितलं होतं. सर मला बघून खूश व्हायचे. टॉवर आली, म्हणायचे. वर्षभरात घरातले रस्ते त्यांना चुकायला लागले. बेडरूममधून बाथरूम, बाथरूममधून हॉल. ते दारात उभे राहायचे आणि पुढे यायला नकार द्यायचे. काकूंनी हात धरला की झटकायचे.

एकदा माझ्यादेखत ते असेच पॅसेजमध्ये अडले. काकू विनवत होत्या, ते ऐकेनात. माझ्या तोंडून सहज रेडिओचं इंग्रजी गेलं, की सरळ पुढे या, डावीकडे वळा, थांबा. सरांनी तेच शब्द परत उच्चारले, जसे पायलटने परत म्हणायचे असतात, आणि सरळ चालत येऊन खुर्चीत बसले.

काकू बघतच राहिल्या. मग फोन सुरू झाले. अंघोळीला जात नाहीत, गोळी घेत नाहीत, जेवत नाहीत. मी ऑफिसात असायचे, बसमध्ये असायचे, घरी पोळ्या लाटत असायचे. काकू फोन स्पीकरवर टाकायच्या आणि मी सरांना बाथरूमपर्यंत न्यायचे. आई म्हणायची, "कुणाशी बोलतीस गं असं गोऱ्या मडमेसारखं?" वडील तिला गप्प करायचे. त्यांना सगळं सांगितलेलं होतं.

काही महिने हे चाललं. मला वाटत होतं, मी उपयोगी पडतेय. मग एका रविवारी काकूंनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"राग येऊ देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आता नको हे."

"चुकलं का काही?"

"नाही गं. काल त्यांनी मला विचारलं, टॉवर कुठे आहे, तिला सांग मला झोपायचंय. माझ्या मांडीवर डोकं ठेवलेलं होतं त्यांचं." त्यांनी कप खाली ठेवला. "चाळीस वर्षं वाट बघितली मी, हा माणूस कधी एकदा घरी राहील म्हणून. मला माझ्या नवऱ्याला विमानासारखं उतरवायचं नाहीये. ऐकेल तेव्हा माझं ऐकेल, नाहीतर नाही."

मला राग नाही आला. लाज वाटली थोडी. मी फोन घेणं बंद केलं, म्हणजे त्यांनी करणंच बंद केलं. सर त्यानंतर काकूंचंही ऐकत नसत, असं मला त्यांच्या शेजारच्या बाईंकडून कळलं.

मधल्या काळात संस्थेत नवीन यंत्र आलं. त्यातला आवाज काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचा, आणि माझ्यापेक्षा स्पष्ट. मला रिसेप्शनवर बसवलं. नवीन विमानतळामुळे पायलट व्हायला येणाऱ्या मुलांची रीघ लागली होती. त्यांच्या आईबापांना पाणी द्यायचं, माहितीपत्रक द्यायचं. मी वर्षअखेर ती नोकरी सोडली. आता तुर्भ्यात एका गोदामाच्या ऑफिसात आहे. तिथे फोनवर मी ट्रकवाल्यांना रस्ते सांगते आणि ते मला शिव्या देतात.

काकूंनी शेवटी सरांना पनवेलच्या पुढे एका वृद्धाश्रमात ठेवलं. घरात त्यांना उचलणं त्यांच्याने होईना. त्या रोज सकाळी जातात, संध्याकाळी परत येतात. मी मागच्या महिन्यात गेले होते. खोलीत दोन पलंग, दुसऱ्यावर कुणी नव्हतं. सर भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी मला ओळखलं नाही. कुणी नर्स असेन असं समजून हात पुढे केला, नाडी बघायला. मी थोडा वेळ तो हात धरून ठेवला.

मी केळी नेली होती. काकूंनी एक सोलून त्यांना तुकडे करून दिलं. मग खुर्चीत टेकून मला पाण्याच्या टँकरबद्दल, सोसायटीतल्या लिफ्टबद्दल सांगत होत्या आणि सांगता सांगता, वाक्याच्या मधेच, त्यांना झोप लागली. तोंड किंचित उघडं, हातात केळ्याचं साल.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "या बाई कोण?"

"तुमच्या मिसेस आहेत," मी म्हणाले.

"दमलेल्या दिसतायत," ते म्हणाले.

मी काकूंच्या हातातलं साल काढून घेतलं आणि पिशवीत टाकलं. परतीची बस निघायची वेळ झाली होती, पण त्यांना उठवावंसं वाटेना आणि सरांना एकटं सोडवेना. मी दुसऱ्या पलंगाच्या कडेला बसून राहिले. सर मांडीवरची चादर सारखी करत होते. एक घडी पाडायचे, ती पुसायचे, परत पाडायचे.